जाळी कुठे संपते ते आधी बघा

ठाण्यात कोलशेतला माझं गोडाऊन आहे. चेनलिंक जाळी, अँगल, काटेरी तार, फाटकं. सत्तावीस वर्षं हाच धंदा. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या मागच्या बाजूला डोंगराकडे जाळी दिसली, तर त्यातली बरीचशी आमच्या माणसांनी ठोकलेली असणार. अलीकडे वेगळेच फोन येतात. कधी सोसायटीचे सेक्रेटरी, कधी कुठल्या गावचे सरपंच. "रस्त्यावर जनावरं मरतायत हो, दोनेकशे मीटर जाळी मारून द्या." मी प्रत्येकाला एकच विचारतो, जाळी संपणार कुठे? पलीकडे गप्प.

हा प्रश्न मी शिकलो तो एका भेकराकडून, म्हणजे जंगलातल्या छोट्या हरणाकडून. रस्त्याचं नाव सांगत नाही, ठाणे जिल्ह्यातलाच आहे. एका बाजूला जंगलाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली पाणी. काम होतं डोंगराच्या बाजूने साडेचारशे रनिंग मीटर, सहा फुटी जाळी. फक्त एका बाजूने, कारण बजेट तेवढंच. जाळी ताणली, रंग मारला, मेजरमेंट बुकात नोंद झाली, बिल निघालं. तीन आठवड्यांनी आमचा मुकादम शांताराम याचा सकाळी फोन आला. गेलो तर शेवटच्या खांबापासून तीन फुटांवर भेकर पडलेलं. रस्त्याच्या बाजूला. जाळीवर दव होतं, आणि खालच्या लाइन वायरला, म्हणजे जाळी ताणून धरणाऱ्या आडव्या तारेला, जिथे आम्ही बायंडिंग वायरची टोकं पक्कडीने नीट मुरडली नव्हती तिथे, तांबूस केसांचे झुबके अडकलेले. एक इथे, एक पाच पावलांवर, एक आणखी पुढे. ते आत जायला जागा शोधत जाळीला अंग घासत चाललं होतं. रात्री पाण्यावर गेलेलं, पहाटे घरी परत येत होतं, आणि मी मध्ये जाळी उभी केली होती.

येऊरच्या पाड्यावरचे एक म्हातारबाबा त्या वेळी आमच्याकडे कामाला होते. ते म्हणाले, "शेठ, जनावर काय जाळी बघून मागं फिरत नाय. जाळी धरून चालतं." मला तेव्हा त्याचा रागच आला होता. आज कुठल्याही साइटवर पहिलं पाऊल टाकताना तेच वाक्य डोक्यात असतं.

म्हणून ही माहिती. तुमच्या भागातला रस्ता, त्याखालची मोरी आणि बाजूची जाळी जनावरांच्या आणि गाडीवाल्यांच्या कामाची आहे की नुसतीच शोभेची, हे तुम्ही स्वतः कसं तपासायचं ते लिहितो. मला जीवशास्त्र कळत नाही. जाळी कळते.

आधी वाट शोधा

गायमुखच्या पुढचा तुकडा डोळ्यासमोर आणा. ठाण्याहून फाउंटनकडे जाताना डाव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य डोंगर, उजव्या हाताला नागला ब्लॉक, त्याच्या खाली वसईची खाडी. खाडीपलीकडे कामण, तुंगारेश्वर. जंगल सलग, मधून डांबर. जनावराच्या हिशेबात तो रस्ता म्हणजे रोजच्या वाटेत आलेला ओढा.

किती लांबून जनावर येतं याचा पुरावाही आपल्याकडेच आहे. २००९ साली एका नर बिबट्याला जीपीएसचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं होतं. अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याचं ते काम. त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग, रेल्वे, वसईची खाडी ओलांडून तो आपल्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. आणि २०११ च्या डिसेंबरात एका महामार्गावर गाडीखाली गेला. एवढं सगळं पार केलं, आणि शेवटी एका गाडीने गाठलं.

तर करायचं काय? रविवारी उजाडल्यावर निघा. अंधारात नाही, आणि एकट्याने नाही. दोघं-तिघं, चमकणारी जाकिटं घालून, येणाऱ्या गाड्या समोर दिसतील अशा बाजूने. रस्त्याच्या कडेनेच चालायचं, जंगलात शिरायचं नाही. उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय जाणं गुन्हा आहे, आणि तुमच्या उपयोगाचंही नाही. पाहायच्या खुणा रस्त्याकडेलाच असतात: गवतात पडलेली पायवाट जी रस्त्याला येऊन तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते, बांधावर घसरल्याच्या खुणा, रानडुकरांनी उकरलेली माती, जाळी असेल तर तिच्यावरचे केस, आणि मेलेली जनावरं. शेवटच्या गोष्टीची नोंद ठेवा, अगदी बेडूक, धामण, मुंगूस, कांडेचोर (उदमांजर) असला तरी. मोबाइलवर फोटो, तारीख, आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. वर्षभर असं केलं की मेलेल्या जनावरांचे ठिपके रस्त्यावर सारखे पसरलेले नसतात, ठरावीक दोन-चार जागीच गोळा झालेले असतात, हे दिसायला लागतं. काम तिथेच करायचं.

आणखी एक बघा, आणि हे कुठल्या इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये सापडत नाही. कचरा. गाड्या थांबतात, वडापाव, भुट्टे, बिर्याणीचे डबे फेकले जातात. त्यावर उंदीर आणि कुत्री. आपल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे जिथे उकिरडा, तिथे रात्री बिबट्या, आणि तो नेमका डांबराला चिकटून. पनवेलजवळ कर्नाळ्याच्या अभयारण्यातून मुंबई-गोवा रस्ता जातो, तिथल्या माकडांना केळी-वेफर्स देणारी मंडळी पुण्य कमावतायत असं समजतात. खरं तर ती माकडांना चाकाखाली बोलावतायत. हा खर्च शून्य असलेला उपाय आहे म्हणून आधी सांगितला, जाळीचा माझा धंदा बुडाला तरी चालेल.

मोरीत वाकून बघा

रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी मोऱ्या असतातच. नवा भुयारी मार्ग बांधायला वर्षं जातात, पण असलेली मोरी जनावराच्या उपयोगाची करायला कधी कधी एक दिवस पुरतो. त्यामुळे मोऱ्या मोजा. गोल सिमेंटचा ह्यूम पाइप असतो ती नळमोरी, चौकोनी असते ती बॉक्स.

तोंडाशी उभे राहा, वाका, पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर चितळ-सांबर तिच्यात पाय घालणार नाही. हरणाच्या जातीला पलीकडचं मोकळं दिसायला लागतं, लपून बसणारा कुणी आत आहे की काय ही भीती. बिबट्याला, मुंगसाला, साळिंदराला तेवढं वावडं नाही.

याचं माप काढायची सोपी रीत आहे. मोरीची रुंदी गुणिले उंची, भागिले लांबी, सगळं मीटरमध्ये. तीन बाय तीनचा बॉक्स, रस्त्याखाली वीस मीटर लांब: नऊ भागिले वीस, ०.४५. नव्वद सेंटिमीटर व्यासाचा पाइप तेवढाच लांब असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ ०.६४, भागिले वीस, जेमतेम ०.०३. पहिल्यातून छोटं हरीण जाण्याची आशा धरता येते, दुसऱ्यातून कांडेचोर आणि घोरपड. आकडा जितका मोठा तितकं बरं. रस्ता रुंद केला की लांबी वाढते आणि तोंड तेवढंच राहतं, म्हणजे चौपदरीकरणात जुनी चांगली मोरीसुद्धा नापास होते. रुंदीकरणाचं काम तुमच्या भागात निघालं असेल तर हा हिशेब तेव्हाच मांडा. काँक्रीट पडल्यावर कुणी ऐकत नाही.

मग पाणी. आपल्याकडे जूनपासून चार महिने मोरी वाहते. हिवाळ्यात छान चालणारी वाट पावसाळ्यात नाला होते आणि जनावर वर डांबरावर येतं. उपाय साधा: बॉक्सच्या एका कडेला दीड-दोन फूट रुंदीचा कट्टा, पाण्याच्या पातळीच्या वर, दोन्ही टोकांना जमिनीला उतारावर मिळालेला. मिळालेला हे महत्त्वाचं. एका ठिकाणी मी पाहिलं, कट्टा मस्त घातलाय आणि टोकाला तीन फुटांची उडी. मुंगूस काय शिडी आणणार?

तोंडाशी काय आहे तेही बघा. मोरीच्या बाहेर दगडांची पिचिंग केलेली असते, मोठे टोकदार धोंडे. खुरांच्या जनावराला त्यावरून चालता येत नाही. मधे दोन फुटांची पट्टी मुरूम टाकून सपाट करायची, एवढंच. तोंडावर हॅलोजन असेल तर तो काढायला सांगा. आत दारूच्या बाटल्या आणि गादी असेल, म्हणजे तिथे माणसाचा रात्रीचा मुक्काम असेल, तर बाकी सगळं विसरा, जनावर येणार नाही.

आता खरी गंमत. मोरी वापरात आहे की नाही हे कसं कळायचं? कॅमेरे लावायला वनखात्याची परवानगी लागते. पण रस्त्याच्या हद्दीतल्या मोरीच्या तोंडाशी, रस्त्याच्या खात्याला सांगून, रेतीचा पट्टा करता येतो. आम्ही क्रशरची बारीक भुकटी नेतो, दोन घमेली. रुंदीभर आडवी पसरायची, दोन बोटं जाड, हाताने नव्हे तर फळीने सपाट करायची. हलका पाण्याचा शिपका. संध्याकाळी पाचला टाकून घरी यायचं, सकाळी सातला बघायचं. थांबून राहायचं नाही. तुम्ही तिथे बसलात तर रेतीवर तुमचेच ठसे मिळतील.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबत माझा भाचा होता, कॉलेजातला. रेतीवर चार बोटांचा ठसा. तो ओरडला, "मामा, बिबट्या!" मी गुडघ्यावर बसलो. बोटांच्या पुढे चार बारीक टिंबं. नखं. मांजराच्या जातीची नखं चालताना आत असतात, रेतीत उमटत नाहीत, कुत्र्याची उमटतात. कुत्रा होता. भाचा हिरमुसला. तिसऱ्या रविवारी दुसरा ठसा मिळाला, गोलसर, नखं नाहीत, मागच्या गादीच्या कडेला तीन फुगवटे. आम्ही दोघंही काही बोललो नाही. भाच्याने फोटो काढण्याआधी शेजारी माचिसची पेटी ठेवली, मापासाठी. हे तुम्हीही करा, नाहीतर फोटोवरून ठसा केवढा होता ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि धीर धरा. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर जनावरांना ओलांडायला चव्वेचाळीस मार्ग बांधलेत, सहा रस्त्यावरून आणि बाकीचे खालून. तिथल्या अस्वलांना आणि लांडग्यांना ते वापरायला लागायला पाच-पाच वर्षं गेली. महिनाभरात "फेल आहे" म्हणून मोकळे होऊ नका.

जाळी

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आधी आकडे, म्हणजे मी धंद्यासाठी बोलतो असं वाटायला नको. २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतले पन्नास अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. मोठ्या जनावरांसाठी जाळी आणि मार्ग दोन्ही एकत्र असतील तर रस्त्यावरचे मृत्यू ८३ टक्क्यांनी कमी. नुसता मार्ग बांधला, जाळी नाही, तर मृत्यू कमी झाल्याचं दिसलंच नाही. खांबांवर लावायचे चमकते रिफ्लेक्टर: १ टक्का. बॅन्फमध्ये जाळी आणि मार्ग मिळून जनावरांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या, हरणांच्या बाबतीत तर ९६ टक्क्यांहून. हे गाडीवाल्यांसाठीही तितकंच खरं आहे. शंभरच्या वेगात सांबर काचेवर आलं तर मरणारं फक्त सांबर नसतं.

आपल्याकडचं उदाहरण नागपूर-शिवनी रस्त्याचं, पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात नऊ मार्ग, सगळ्यात अरुंद पन्नास मीटरचा, सगळ्यात रुंद साडेसातशे मीटरचा. वर कडेला आवाज आणि उजेड अडवणारे पडदे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये कॅमेरे लावले तेव्हा अठरा जातींची जंगली जनावरं खालून जाताना सापडली, एकूण ५,४५० वेळा. वाघ ८९ वेळा. साडेसातशे मीटर म्हणजे काय ते लक्षात घ्या. तो भुयारी मार्ग वगैरे नाहीच, रस्ताच खांबांवर उचललाय, जंगल खालून वाहतंय. आपल्या अडीच मीटरच्या मोरीकडून ती अपेक्षा धरायची नाही.

आता माझ्या भेकराकडे परत. दुसरा एक मोठा अभ्यास सांगतो की पाच किलोमीटरपेक्षा लांब जाळीने धडका साधारण ८० टक्क्यांहून जास्त घटतात, त्याहून आखूड असेल तर सरासरी निम्म्या, आणि कधी कधी शून्य. कारण तेच: जनावर जाळी धरून चालतं आणि टोकाला रस्त्यावर उतरतं. साडेचारशे मीटर जाळी म्हणजे अपघाताची जागा साडेचारशे मीटर पुढे सरकवणं. म्हणून तुमच्या रस्त्यावरची जाळी तपासताना मधला भाग नंतर बघा, आधी दोन्ही टोकांना जा.

टोक कुठे असावं? मोरीला किंवा पुलाला भिडलेलं, सगळ्यात उत्तम. ते शक्य नसेल तर उभ्या कड्याला, खाडीच्या पाण्याला किंवा दाट वस्तीला. आणि टोकाची शेवटची वीस-तीस मीटर जाळी रस्त्यापासून लांब, जंगलाकडे वळवलेली, म्हणजे जाळी धरून आलेलं जनावर आपोआप माघारी फिरतं. ही वळणाची जाळी टेंडरात कधीच नसते. मागून घ्या.

दोन्ही बाजूंना आहे का? एका बाजूची जाळी ही पिंजऱ्याची एक भिंत. नसलेली बरी.

जमिनीशी काय आहे? जाळीच्या खालून हात घालून बघा. हात गेला तर रानडुकराचं थोबाड जाणार, आणि एकदा डुकराने वाट केली की मागून सगळी वरात. नुसती लाइन वायर ओढून चालत नाही, डुक्कर ती उचलतं. जंगलाच्या बाजूला जाळीचा पदर सोडायचा, मीटर ते दीड मीटर, जमिनीवर अंथरून खुंट्या मारायच्या किंवा चार बोटं मातीखाली घालायचा. उकरायला आलेलं जनावर पदरावर उभं राहूनच उकरतं, त्याला पदराच्या कडेला जाऊन उकरायचं सुचत नाही. आमच्यात याला पदरच म्हणतात, आणि कंत्राटदार पहिली बचत इथेच करतो. मीही केलीय.

खालचे दोन फूट बारीक जाळी किंवा गुळगुळीत पत्रा हवा. दोन इंची चेनलिंकमधून बेडूक, साप, मुंगसाची पिल्लं आरपार जातात. आणि काटेरी तार? माझ्याकडे बंडलं पडून आहेत तरी सांगतो, जंगलाच्या कडेला लावू नका. वटवाघळं आणि घुबडं अडकतात, हरणाची कातडी फाटते, आणि बिबट्याला तिचं काहीच वाटत नाही.

बिबट्याचं स्पष्ट बोलू. चेनलिंक त्याच्यासाठी शिडी आहे. आठ फूट, दहा फूट, तो चढतो. वर जंगलाच्या बाजूला झुकवलेले हात आणि त्यावर गुळगुळीत पत्रा लावला तर अवघड होतं, अशक्य नाही. त्याच्या बाबतीत जाळीचा उपयोग वेगळा: चढण्यापेक्षा शेजारची मोरी सोपी पडली पाहिजे. मोरी तुंबलेली असेल तर तो वरूनच येणार.

आत अडकलेल्या जनावराला बाहेर पडायची सोय हवी. रस्त्याच्या बाजूने मातीचा चढ, जाळीच्या उंचीपर्यंत, आणि जंगलाच्या बाजूला पाच-सहा फुटांची सरळ उडी. आतून चढून बाहेर उडी मारता येते, बाहेरून आत चढता येत नाही. मुरूम, थोडी गॅबियनची (दगड भरायची) जाळी, एक दिवस जेसीबी. इतकी स्वस्त गोष्ट, पण सत्तावीस वर्षांत माझ्याकडे कुणीही स्वतःहून मागितलेली नाही.

शेवटी माणसं. जाळी कापली जाते ती जनावरांमुळे नाही. जिथे सरपणाची, पाण्याची, पाड्याची जुनी पायवाट होती तिथेच कापली जाते, दर वेळी. पोलिसात तक्रार करून मी थकलो. आता काम सुरू करण्याआधी पाड्यावर जाऊन बसतो, मावश्यांना विचारतो, तुम्ही कुठून जाता? तिथे स्वतःहून मिटणारं फाटक लावतो, वजनाचं, स्प्रिंगचं नाही. स्प्रिंग पहिल्या पावसात गंजते. फाटक लावल्यापासून त्या दोन जागी जाळी कुणी कापली नाही.

तुम्ही गाडी चालवत असाल तर

चांगली जाळी सगळीकडे यायला आपलं आयुष्य जाईल, तोवर स्टिअरिंग तुमच्या हातात आहे. साधा हिशेब करा. ताशी साठच्या वेगात जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर गाडी तेवढ्यात पंचवीस मीटर जाते. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीस. एकूण पंचेचाळीस. ऐंशीला तेच सत्तरच्या आसपास. चाळीसला सव्वीस. आणि लो बीममध्ये तुम्हाला नीट दिसतं साधारण चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे कोरड्या रस्त्यावर साठ ही शेवटची मर्यादा झाली, पावसात तीही नाही.

समोर दोन ठिपके चमकले तर ते डोळे. चितळ, बिबट्या, कुत्रा, गाय, सगळ्यांचे चमकतात. रानडुकराचे चमकत नाहीत, आणि रंग डांबराचाच. "काही दिसत नाहीये" याचा अर्थ "काही नाहीये" असा काढू नका. हाय बीम मारून जनावर दिसलं की लगेच खाली करा, डोळे दिपले की ते जागच्या जागी खिळतं. वेग कमी, सरळ रेषेत ब्रेक, एक छोटा हॉर्न. स्टिअरिंग फिरवायचं नाही. गायमुखच्या घाटात फिरवलंत तर शेजारी कंटेनर आहे. एक जनावर गेलं म्हणून लगेच ॲक्सिलरेटर दाबू नका, मागून दुसरं असतं. डुकरांची तर रांगच.

बंपरला लावायच्या शिट्ट्या मिळतात, हरणं पळतात म्हणे. पैसे वाया. "वन्यप्राणी मार्ग, सावकाश जा" ही पाटी रोज बघून बघून आठव्या दिवशी दिसेनाशी होते. उंचवटे मात्र काम करतात. कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातला रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद ठेवतात. तो सगळ्यात खात्रीचा उपाय, पण न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर रात्रीच सुटणाऱ्या घोडबंदरवर तो मागणारा माणूस मी नाही.

पहिल्या पावसाच्या रात्री विशेष सांभाळा. मुठे (खेकडे) रस्त्यावर येतात, बेडूक येतात, त्यांच्या मागे साप, आणि मुठे पकडायला टॉर्च घेऊन पोरं. वळणावर अचानक टॉर्च दिसतो. तो जनावराचा डोळा नसतो.

धडक झालीच तर गाडी कडेला, इंडिकेटर चालू, माणसं सुरक्षित, जखमी माणूस असेल तर १०८. मग वनखात्याची हेल्पलाइन १९२६. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वरही कळवा. जखमी बिबट्याजवळ जायचं नाही, व्हिडिओसाठी तर नाहीच. मेलेलं जंगली जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता असते. उचलून नेलं, नख-मिशी काढली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुम्हीच आत.

अर्ज असा लिहा

"प्राणी वाचवा" असं लिहू नका. तो कागद आवक रजिस्टरमध्ये चढतो आणि तिथेच झोपतो. भुयारी मार्ग बांधून द्या असंही पहिल्याच अर्जात नको, कारण त्याला मंजुरी लागते आणि मंजुरी म्हणजे पुढची सही कुणाची हे शोधणं. देखभालीच्या पैशातून करता येईल असं काम मागा. ज्युनिअर इंजिनिअरला ते करता येतं आणि बहुतेक वेळा करायचंही असतं.

आम्ही लिहिलं होतं: "किलोमीटर अमुक येथील बॉक्स मोरी गाळाने दोन तृतीयांश भरली आहे. पावसाळ्यात पाणी रस्त्यावर येण्याची शक्यता आहे. मोरी साफ करून मिळावी व तोंडाशी मुरमाची पट्टी करावी. सोबत फोटो चार, मृत प्राण्यांच्या नोंदी अकरा, तारखांसह." रस्त्याच्या खात्याला एक प्रत, वनखात्याला एक. पाणी रस्त्यावर येईल हे वाक्य मुद्दाम आहे. ते खरंही होतं, आणि त्यानेच काम हललं.

सहा आठवड्यांनी जेसीबी आला. मोरी आतून लख्ख झाली. काढलेला सगळा गाळ त्यांनी मोरीच्या तोंडापुढे, बरोबर मधोमध, कमरेएवढा ढीग करून ठेवला. भाचा म्हणतो पुन्हा अर्ज करू. मी म्हटलं, अर्ज करच, पण रविवारी येताना फावडी दोन आण. भुकटी माझ्याकडे आहे.